मदत हवी आहे: केस सरळ करणं सोडलं, पण आता कुरळ्यांच्या नियमांनी छळलंय

नमस्कार मंडळी. बरेच महिने नुसतीच वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय. विषय केसांचा आहे. "एवढंसं काय त्यात" असं वाटणाऱ्यांनी पुढच्या धाग्यावर जावं, राग नाही.

मी इंदूरची. माहेर रामबागेत, सासर सुदामानगरात, वय ३६. केस बाबांकडून आलेले, म्हणजे ओले असताना पाठभर आणि वाळले की खांद्याशी. शाळेत "मॅगी" म्हणायचे, घरी आत्या "त्या झिंज्या आवर आधी". २०१६ला लग्नाआधी पार्लरमध्ये सरळ करून घेतले. पाच तास बसवलं, सडक्या अंड्यासारखा वास आठवडाभर उशीला येत होता. पण लग्नात सगळ्यांनी इतकं कौतुक केलं, की मग दरवर्षी पुन्हा तेच. गेल्या वर्षी मे महिन्यात टाळू भाजली, पापुद्रे निघाले, तेव्हा म्हटलं बस्स.

त्याला चौदा महिने झाले. आता वरचे सहा-सात इंच माझे, कुरळे. खालचे आठ इंच पार्लरचे, सरळ झाडू. मधे जो सांधा आहे तिथून केस तुटतात, कंगव्यात रोज तेवढेच तुकडे.

इथवर ठीक होतं. मग एका मैत्रिणीने मला फोनवरच्या कुरळे केसवाल्यांच्या ग्रुपमध्ये घातलं. पहिले दोन आठवडे अगदी माहेरी आल्यासारखं वाटलं, आपल्यासारख्या इतक्या जणी! मग नियम कळायला लागले. शॅम्पूत फेस करणारं सल्फेट नको, केसांवर गुळगुळीत थर देणारं सिलिकॉन नको, कंगवा फक्त ओल्या केसांत, टॉवेल नाही, जुना टी-शर्ट. आधी तुमच्या केसांचा प्रकार ओळखा, २सी (लाटांसारखे) की ३ए (सैल कुरळे). मी आजीच्या सवयीने रविवारी खोबरेल लावते असं भोळेपणाने लिहिलं, तर ॲडमिनताई म्हणाल्या, "मग तुमचा प्रवास शून्यापासून सुरू." प्रवास! मी एकदा घड्याळ लावून पाहिलं, एका न्हाण्याला दोन तास दहा मिनिटं. आत्या निदान दोन मिनिटांत वेणी घालून मोकळं करायची.

मारोठिया बाजारातून पाव किलो जवस आणून जेलही केलं. उकळलं, जुन्या ओढणीतून गाळलं, निम्मं हातालाच चिकटलं. उरलेलं वाटीत घालून फ्रिजमध्ये ठेवलं. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी ती खळ समजून त्यांच्या महेश्वरीला लावली. साडी अशी काही कडक झाली म्हणता! माझ्या केसांना तेवढा आकार कधी आला नाही.

तर मुद्दा. तुळशीचं लग्न झालं की दिराचं लग्न आहे. मोठ्या जाऊबाईंनी घरातल्या सगळ्या बायकांचं स्मूदनिंग (म्हणजे पुन्हा रसायनाने केस सरळ करणं) ठरवून टाकलंय, फोटोत सगळ्या एकसारख्या दिसाव्यात म्हणून. मला नाही करायचं. पण अर्धे सरळ अर्धे कुरळे घेऊन मांडवात कशी उभी राहू? खालचे कापून टाकू की दम धरू? तेल खरंच बंद करायचं का? आमच्याकडे नर्मदेचं नळाचं पाणी एक दिवसाआड येतं, बाकी बोअरिंगचं, त्यानेही केस चरबट होतात का? आणि कमीत कमी काय केलं तर भागतं? नोकरी आहे, पोरगं तिसरीत आहे.

– सांधेवाली

---

उखाणा: कापा. सरळ करताना केसातले गंधकाचे बंध तोडून नव्या आकारात पुन्हा जोडलेले असतात, तो वास त्या रसायनाचाच. आता कुठलाही मास्क, कुठलंही जेल तो भाग परत कुरळा करणार नाही. केस महिन्याला जेमतेम सव्वा सेंटीमीटर वाढतो, म्हणजे लग्नापर्यंत आणखी दोन इंच धरा. एकदम नको वाटत असेल तर दर महिन्याला दोन-दोन इंच. मी तसं केलं होतं, कुणाच्या लक्षातही आलं नाही.

कडुनिंब: पाण्याचं सांगतो. मीही सुदामानगरातच. बोअरिंगच्या बादलीच्या काठावर पांढरी खर दिसते नं? तीच कॅल्शियम-मॅग्नेशियमची खर साबणाबरोबर केसांवर बसते. माझी बायको शॅम्पू बोअरिंगने करते आणि शेवटचे दोन तांबे साठवलेल्या नर्मदेचे घेते. खर्च शून्य. मंडलेश्वराजवळून सत्तर किलोमीटर चढून आलेलं पाणी आहे, एवढा मान तर द्यायलाच हवा.

अर्धा_डझन: तेलाबद्दल. रेले आणि मोहिले यांचा २००३चा एक शोधनिबंध आहे. नारळाचं तेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं. मिनरल ऑइल आणि सूर्यफुलाच्या तेलात तो गुण दिसला नाही. (दोघं तेल विकणाऱ्याच कंपनीतले, हेही सांगून ठेवते.) आजीचं खोबरेल चालू ठेवा. फक्त न्हाण्याआधी तास-दोन तास, थोडंसं. नंतर थापलं तर लट चिकट होऊन लोंबते.

सिलिकॉनच्या नियमाचं मूळही ऐका. सल्फेट नसलेल्या सौम्य शॅम्पूने काही सिलिकॉनं निघत नाहीत, थर साचतो, म्हणून सल्फेटबरोबर सिलिकॉनही बंद. तुम्ही पंधरा दिवसांतून एकदा साधा, सल्फेटवाला शॅम्पू वापरत असाल तर थर धुऊन जातो. मग दुकानात उभं राहून बाटलीमागची बारीक अक्षरं वाचायची गरज नाही.

पाटावरवंटा: माझं मत वेगळं. मी दरवर्षी सरळ करते, मला आवडतात. कुरळे ठेवले की शूर आणि सरळ केले की गुलाम, असं काही आहे का?

अर्धा_डझन: @पाटावरवंटा, मुळीच नाही, केस तुमचे. फक्त केस सरळ करायच्या केरॅटिनवाल्या बाटलीत फॉर्मल्डिहाइड (पाण्यातलं ते फॉर्मलिन) आहे का ते विचारा, ते कर्करोगकारक मानलेलं आहे. "फॉर्मलिन फ्री" म्हणून मिळतं त्यात बऱ्याचदा ग्लायऑक्सिलिक ॲसिड असतं, आणि त्यानंतर मूत्रपिंडाला इजा झाल्याची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत आली आहेत. सांधेवाली, तुमची टाळू एकदा भाजलीय, त्यामुळे जाऊबाईंना हेच कारण सांगा. खरं आहे आणि भांडण होत नाही.

टकलू_हैवान: आम्ही काय करावं?

गवतीचहा: ते २सी-३ए डोक्यातून काढा. ऑपरा विन्फ्रेचा हेअरस्टायलिस्ट आंद्रे वॉकर, त्याने १९९०च्या दशकात केलेली वर्गवारी आहे ती. एकाच डोक्यावर कानामागे एक आणि कपाळाशी दुसरा प्रकार असतो. आणि "नॅचरल हेअर" हा शब्द अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय बायकांच्या लढ्यातून आलाय. तिथे केसांवरून नोकऱ्या जायच्या, मुलांना शाळेतून घरी पाठवायचे. कॅलिफोर्नियाने २०१९मध्ये त्याविरुद्ध कायदा केला. दुसऱ्यांच्या केसांसाठी, दुसऱ्या हवेसाठी बसवलेलं वेळापत्रक आपण श्रावणातल्या इंदुरात जसंच्या तसं कशाला पाळायचं?

कमीत कमी विचारलंत म्हणून: ओल्या केसांत कंडिशनर, बोटांनी गुंता, मुठीत दाबून पाणी काढायचं, आणि वाळेपर्यंत हात लावायचा नाही. शेवटचं सगळ्यात अवघड.

---

सांधेवाली: सगळ्यांचे आभार. (@टकलू, तुम्ही तेल लावा, चमकेल.)

काल चार इंच कापून आले. कापणारी मुलगी दोनदा म्हणाली, "दीदी, स्ट्रेट करवा लो ना, अच्छा लगेगा." मी मान हलवत राहिले, तिने मान हलवू नका म्हणून दटावलं.

जाऊबाईंना टाळूचं सांगितलं. त्या जरा गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "मलाही मागच्या वेळी झोंबलं होतं, बोलले नाही." त्यांचं अजून ठरत नाहीये. अंबाडा घालायचा आणि वर गजरा, एवढ्यावर सध्या दोघींचं एकमत आहे.

नर्मदेचे दोन तांबे सुरू केलेत, फरक महिन्याने सांगते. ग्रुपमधून बाहेर पडले नाहीये, नुसता आवाज बंद केलाय.

जेल बंद केलं. त्यावर फक्त सासूबाई नाराज आहेत. त्यांना लग्नासाठी आणखी दोन महेश्वरींना खळ करून हवीय.