ॲन ब्राऊन प्रयोगशाळा सोडून वर्गात गेल्या, म्हणजे नेमके काय केले?

प्रश्न:
मी मानसशास्त्रात एम.ए. करत असून पुढे बोधविज्ञान (मन कसे जाणते आणि शिकते, याचा अभ्यास) आणि शिक्षण यांच्या सीमेवर संशोधन करण्याचा विचार आहे. मुलांच्या स्मरणावर काटेकोर प्रयोग करणाऱ्या ॲन ब्राऊन (1943–1999) पुढे थेट शाळेच्या वर्गात काम करू लागल्या. तिथे शिक्षक, पाठ, गट असे सगळेच एकदम बदलत असताना कशामुळे काय घडले, हे ठरवणार कसे? त्यांनी शास्त्रीय शिस्तीवर पाणी सोडले, असे म्हणावे का?

उत्तर १:
तसे म्हणता येणार नाही. त्यांना वर्गाकडे नेले ते प्रयोगशाळेतल्या निष्कर्षांनीच. शिकण्यात मागे पडणाऱ्या मुलांना लक्षात ठेवण्याची एखादी युक्ती शिकवली, तर ती सांगितल्यावर वापरत. सांगणारे कोणी नसले की सोडून देत. मात्र आपल्याला कितपत आले आहे हे स्वतःच तपासून पाहायला शिकवल्यावर मोठ्या मुलांमध्ये परिणाम टिकला. मग हे वाचनाच्या तासाला का होऊ नये? ॲनमेरी पॅलिंक्सार यांच्याबरोबरच्या 1984 च्या अभ्यासात सातवीतली, अक्षरे नीट वाचणारी पण अर्थ न लागणारी मुले आळीपाळीने ‘शिक्षक’ होऊन उताऱ्यावर प्रश्न विचारत, सारांश सांगत, अडलेले स्पष्ट करत आणि पुढे काय येईल याचा अंदाज बांधत. सापांवरील उताऱ्यावर एका मुलाला धड प्रश्नच जुळवता येईना, तेव्हा शिकवणाऱ्या बाईंनी आधी प्रश्न सुचवला, मग स्वतःच करून दिला. पुढच्या दिवसांत त्यांची मदत कमी होत गेली आणि तो स्वतः प्रश्न रचू लागला.

उत्तर २:
सहमत आहे, पण प्रश्नकर्त्यांची शंका रास्त आहे आणि ब्राऊन यांनी ती टाळली नव्हती. 1992 च्या लेखात त्यांनी हॉथॉर्न परिणामाचा, म्हणजे आपल्याकडे लक्ष दिले जाते एवढ्यानेच माणसे सुधारतात असा, आक्षेप स्वतःच मांडला. नुसते लक्ष दिल्याने मुले सुधारली असती, तर सुधारणा सरसकट दिसायला हवी होती. ती मात्र अपेक्षित ठिकाणीच दिसली, असा त्यांचा युक्तिवाद होता. मला त्याहून गंभीर वाटतो तो त्यांनीच नोंदवलेला दुसरा धोका: चित्रफिती आणि संवादांच्या ढिगाऱ्यातून आपल्याला सोयीचा तेवढाच प्रसंग उचलण्याचा. वरच्या सापाच्या उदाहरणालाही तो लागू आहे, हे नम्रपणे सुचवतो. म्हणूनच ब्राऊन वर्गात सुचलेली शंका पुन्हा प्रयोगशाळेत नेऊन तपासत.

उत्तर ३:
महाराष्ट्रात मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात विज्ञान शिक्षणात पीएच.डी. करता येते. अर्ज करण्यापूर्वी एखाद्या शाळेत काही महिने तासांना बसून नोंदी ठेवाव्यात. संशोधनाचा प्रश्न तिथूनच हाती लागण्याची शक्यता अधिक असते.