'नॅचरल पर्सन'ला मराठीत काय म्हणायचं?

सेवाव्यापारावरच्या एका मजकुराचं भाषांतर करतोय. डब्ल्यूटीओचा (जागतिक व्यापार संघटनेचा) सेवाव्यापारावरचा गॅट्स करार आहे ना, १९९५ पासून लागू झालेला, त्यात सेवा परदेशी विकायचे चार मोड, म्हणजे पद्धती, दिलेत आणि चौथ्याचं नाव 'मूव्हमेंट ऑफ नॅचरल पर्सन्स'. मी 'नैसर्गिक व्यक्तींची हालचाल' लिहिलं, वाचलं तर व्यायामाचा क्लास वाटतोय. 'कामगारांचं स्थलांतर' चालेल का?

> 'नैसर्गिक व्यक्ती' कायद्याच्या मराठीत आहे हो, हाडामांसाचा माणूस, कारण कायद्याला कंपनीपण व्यक्तीच वाटते. 'हालचाल'ऐवजी 'ये-जा' करा. पण 'कामगार' नको, खरी मेख तिथेच आहे. समजा फिलिपिन्सची नर्स परदेशी हॉस्पिटलच्या पगारावर लागली, तर ते सहसा मोड ४ मध्ये धरत नाहीत, ती नोकरी झाली, आणि तिथल्या नोकरीच्या बाजारात शिरणं, कायमचं राहणं, नागरिकत्व हे सगळं कराराच्या परिशिष्टातच बाहेर ठेवलंय. तिच्याच देशातल्या कंपनीनं तिला काही महिने कॉन्ट्रॅक्टवर पाठवलं की मात्र सेवेची निर्यात. इंजेक्शन तेच, शब्द वेगळा.

मग सेवाव्यापार खुला केला की विकसनशील देशांतल्या लोकांना बाहेर कामं मिळतात म्हणतात, ते?

> मिळतात, पण थोड्यांना. डब्ल्यूटीओच्या २०१७ च्या हिशोबात जगाच्या सेवाव्यापारात मोड ४ चा वाटा जेमतेम ३ टक्के, आणि परदेशात शाखा काढण्याचा, म्हणजे मोड ३ चा, ५९ च्या आसपास. कंपनी जाते, माणूस व्हिसाच्या रांगेत. दार उघडलंच तर बदलीवर आलेल्या मॅनेजरला, गवंड्याला किंवा सफाईवाल्याला क्वचितच. कॉल सेंटरचं उलट, तिथे कामच घरी चालत आलं, कुणाला जावंच लागलं नाही, त्याला स्थलांतर कसं म्हणणार?

मध्येच बोलतो. 'स्थलांतर' म्हणजे कायमचं जाणं हे कुणी ठरवलं? स्थलांतरित पक्षी परत जातातच की, आणि हंगामी स्थलांतर आपण सर्रास म्हणतो. शब्द चुकीचा नाहीये, करारवाल्यांना तो नकोय, कारण स्थलांतर म्हटलं की श्रीमंत देश बिचकतात.

पटलं. 'व्यक्तींची तात्पुरती ये-जा' करतो फायनल.

> 'तात्पुरती'वर पण भांडण होईल हां, करारात मुदतच दिलेली नाही. धंद्याच्या भेटीला आलेल्याला ९० दिवस, कंपनीच्या बदलीवर आलेल्याला काही वर्षं, ज्या त्या देशानं ठरवायचं.