तेरेखोल गोव्यापासून तुटलंय का? एन्क्लेव्ह (परक्या मुलखाने वेढलेला तुकडा) ठरवताना पाणी मोजायचं की नाही

शहापूरवासी, बेळगाव
आंबोली उतरून सावंतवाडी, पुढे रेडी करत तेरेखोलला गेलं की वाटेत सगळा महाराष्ट्र, आणि किल्ल्याच्या गावात शिरताना एकदम गोवा लागतो. उरलेला गोवा नदीपलीकडे, केरीला. तेरेखोलला जमिनीचा शेजार फक्त महाराष्ट्राचा. मग हा गोव्याचा एक्स्क्लेव्ह, म्हणजे मुख्य मुलखापासून तुटलेला तुकडा, म्हणायचा का?

माझं ठाम मत: नाही. फेरीबोट केरीहून सुटते आणि तिची फळी तेरेखोलच्या धक्क्यावर पडते, तोवर ती गोव्याबाहेर जातच नाही. दोन्ही तीर गोव्याचे, म्हणजे मधलं पात्रही गोव्याचंच. देशांनाही हाच न्याय लावा. १९८२ च्या सागरी कायद्याच्या करारानुसार किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतचं पाणी, त्याखालचा तळ आणि वरचं आकाश यांवर त्या देशाचं सार्वभौमत्व असतं. नकाशावर निळा रंग आला की मुलूख संपला, हे मला पटत नाही.

निपाणीकर
दादा, हे कागदावर ठीक आहे. रात्री पेशंट हलवायचा झाला आणि फेरी बंद असली, तर गाडी महाराष्ट्रातूनच फिरवून न्यावी लागणार. तुटलेपण माणसाच्या पायाने मोजा, खलाशाच्या नकाशाने नको.

दुसरं म्हणजे १२ मैलांचा हिशोब राज्यांना लागूच होत नाही. घटनेच्या कलम २९७ प्रमाणे प्रादेशिक समुद्राखालची जमीन आणि खनिजं केंद्राची. गोव्याचा स्वतःचा समुद्र कुठून आला?

शहापूरवासी, बेळगाव
खनिजं केंद्राची, कबूल. पण सातव्या अनुसूचीत प्रादेशिक समुद्राच्या पलीकडची मासेमारी केंद्राकडे आहे आणि अलीकडची राज्याकडे. म्हणजे त्या पाण्यावर राज्याचा कायदा चालतोच की. आणि तेरेखोलपुरतं म्हणाल तर समुद्रात जायची गरजच नाही, नदीचं मुख पुरे.

खानापूरची शिक्षिका
तुम्ही दोघं मालकीवर भांडताय. माझ्या मते खरा प्रश्न वाटेचा आहे. कुणाची परवानगी न मागता आत-बाहेर करता येतं का?

आपल्या शेजारचंच बघा. १९६१ पर्यंत गोवा पोर्तुगिजांचा होता आणि जमिनीवर तिन्ही बाजूंनी भारत. १९५५ नंतर भारताने कडक आर्थिक नाकाबंदी केली, तरी मुरगावला बोटी लागत राहिल्या, कारण पश्चिमेला समुद्र मोकळा होता. दादरा-नगर हवेलीला समुद्र नव्हता. दमणहून तिथे जायचं तर भारतातूनच. १९५४ मध्ये ती मुक्त झाल्यावर पोर्तुगाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. १९६० चा निकाल फार बारकाईने वाचण्यासारखा आहे: सामान्य माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांना वाट होती, सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रं यांना नव्हती, आणि भारताने वाट अडवली त्यात काही बेकायदा केलं नाही. मालक एकच, पण समुद्र असलेला तुकडा तगला आणि नसलेला आधी सुटला. म्हणून दादरा-नगर हवेली हे खरे एन्क्लेव्ह, गोवा नव्हे.

परक्या देशाच्या प्रादेशिक समुद्रातूनही जहाजाला निरुपद्रवी ये-जा करण्याचा हक्क असतो. परक्या जमिनीवर तसा सरसकट हक्क कुठेच नाही. पाणी आणि जमीन एका मापाने मोजता येत नाहीत ती यासाठी.

चिकोडी रोड
मग मार्टिन गार्सिया बेटाचं काय करणार, बाई? ला प्लाता नदीच्या मुखातलं बेट अर्जेंटिनाचं, आणि १९७३ च्या करारानुसार भोवतीचं पाणी उरुग्वेचं. मलावी सरोवरातली लिकोमा आणि चिझुमुलू बेटंही तशीच: बेटं मलावीची, पाणी मोझांबिकचं. या दोघांना तर जमिनीचा शेजारीच नाही. पाणी मोजलं नाही तर ही नुसती बेटं ठरतात. मोजलं तर पक्के एन्क्लेव्ह.

निपाणीकर
हे नदी-सरोवराचे दाखले झाले. तिथे १२ मैल नाहीत, समुद्राचा ये-जा हक्कही नाही. जो करार होईल तो कायदा. तिथे पाणी मोजा, माझी ना नाही.

समुद्राचा दाखला मी देतो. क्रोएशियाचं डुब्रोव्हनिक. मध्ये न्यूमपाशी बोस्नियाची किनारपट्टी घुसलीय, त्यामुळे रस्त्याने जाताना दोनदा सरहद्द ओलांडावी लागायची. समोरचं पाणी क्रोएशियाचंच होतं. शहापूरवासींच्या हिशोबाने डुब्रोव्हनिक कधी तुटलंच नव्हतं. मग बोस्नियाला वळसा घालणारा, सुमारे २.४ किलोमीटरचा पेल्येशाट्स पूल २०२२ मध्ये कशाला सुरू केला?

शहापूरवासी, बेळगाव
पूल बांधता आला तोच मुळी पाणी स्वतःचं होतं म्हणून! बोस्नियाच्या जमिनीवर क्रोएशियाला एक खांबही रोवता आला नसता. मुलूख जोडलेला होता, रस्ता नव्हता. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा.

खानापूरची शिक्षिका
आणि त्या पुलाच्या आतल्या बाजूला कोण अडकलं ते कुणीच बघत नाहीये. न्यूमचं पाणी समुद्राच्या बाजूने पूर्ण क्रोएशियाच्या पाण्याने वेढलेलं आहे. बोस्नियाचं जहाज खुल्या समुद्रात न्यायचं तर त्या पुलाखालून. बोस्नियाने त्यावर हरकत घेतली होती, आणि पुलाखाली ५५ मीटर उंची मोकळी ठेवलीय ती याच जहाजांसाठी. तेवढी वाट आहे तोवर मी न्यूमला एन्क्लेव्ह म्हणणार नाही. उद्या ती अडवली, तर पाणी कुणाचंही असो, म्हणेन.