शब्दचर्चा : ‘मृदू ऊती’ म्हणजे मऊ गाठ का?

प्रश्न (रामबाग, इंदूर) : मामंजींच्या मांडीतील गाठीचा एमआरआय झाला. अहवालात सॉफ्ट टिश्यू सार्कोमाचा संशय व्यक्त केला आहे. सासूबाईंना मी ‘मृदू ऊतींचा कर्करोग’ असे सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘अगं, ही तर सुपारीसारखी टणक लागते, हिला मऊ कोण म्हणतं?’’ माझा शब्द चुकला का? शिवाय येथील हिंदी पत्रकात ‘ऊतक’ आहे, ते निराळे आहे काय?

उत्तर : ताई, ‘मृदू’ हे विशेषण ऊतींचे आहे, गाठीचे नव्हे. स्नायू, चरबी, रक्तवाहिन्या, मज्जातंतूंची आवरणे यांना हाडापासून वेगळे काढण्यासाठी ते आले. त्यांतून उद्भवलेली गाठ टणकही असते आणि मऊही. ‘ऊती’च्या मुळाशी ‘विणणे’ या अर्थाचा संस्कृत धातू आहे, आणि ‘ओतप्रोत’ हा शब्दही त्याच धातूचा. महेश्वरच्या मागावर उभे-आडवे धागे पाहिलेल्या माणसाला हा अर्थ सांगावा लागत नाही. हिंदीतील ‘ऊतक’ म्हणजे हेच.

मला खरी काळजी वाटते ती ‘चरबीची गाठ’ या शब्दाची, कारण तो उच्चारला की घरातले सगळे निश्चिंत होतात. बहुतेक वेळा ती साधी गाठच असते. प्रौढांच्या कर्करोगांत सार्कोमाचा वाटा जेमतेम 1 टक्का आहे. परंतु लायपोसार्कोमाही, म्हणजे चरबीच्या ऊतींचा सार्कोमाही, हाताला मऊ लागू शकतो. एमआरआयच्या टी-1 नावाच्या प्रकारच्या प्रतिमेत चरबी पांढरी उजळ दिसते आणि चरबीचा संकेत दाबलेल्या प्रतिमेत तीच काळवंडते. साधी गाठ दोन्हींत त्वचेखालच्या चरबीसारखीच वागते, पण आत जाड पडदे किंवा चरबी नसलेले गोळे दिसले तर संशय बळावतो. 5 सेंटिमीटरहून मोठी, खोलवरची किंवा वाढत जाणारी गाठ तपासणीशिवाय कापून काढू नये.

आणखी एक मत : सार्कोमाला ‘मांसार्बुद’ (मांसाचे अर्बुद, म्हणजे गाठ) म्हणावे काय? ग्रीक ‘सार्क्स’ म्हणजे मांस, आणि सुश्रुतसंहितेत हा शब्द आहेही.

उत्तर : तेथील वर्गीकरण निराळे आहे; मेदाच्या अर्बुदाला तेथे स्वतंत्र नाव आहे. म्हणून ‘सार्कोमा’च ठेवावा. ताई, आपण सांगताना ‘कर्करोग’ऐवजी ‘कर्करोगाचा संशय’ म्हणावे. प्रतिमा संशय दाखवते, निदान बायोप्सीने, म्हणजे सुईने गाठीचा नमुना काढून केलेल्या तपासणीने होते.

प्रश्नकर्ती : तसेच सांगितले. सासूबाईंनी लगेच विचारले, ‘‘मग सुई कधी घालणार?’’