रेड्याने वेद म्हटले, पण रेड्याला ते कळले का?

रविवारची_मिसळ
परवा गंगापूर रोडला मिसळ खाता खाता वाद पेटला आणि रस्सा गार झाला. मित्राने फोनमधल्या एआयला विचारलं, "तुला बंद केलं तर वाईट वाटेल का?" त्याने इतकं हळवं उत्तर दिलं की मित्र म्हणाला, आत कुणीतरी आहे राव!

माझं मत: आत कुणी नाही. अमेरिकी तत्त्वज्ञ जॉन सर्ल यांनी १९८० मध्येच हे सांगून ठेवलंय. बंद खोलीत एक माणूस. त्याला चिनी अजिबात येत नाही, पण कुठल्या चिन्हांना कोणती चिन्हं द्यायची याची नियमावली हाताशी आहे. बाहेरच्यांना वाटतं, आत चिनी जाणणारा बसलाय. एआय म्हणजे तीच खोली. आपल्याकडे तर त्याआधीच रेडा होता. ज्ञानोबांनी पैठणला त्याच्या तोंडून वेद वदवले, म्हणून रेड्याला कुणी वेदशास्त्रसंपन्न म्हटलं नाही. यंत्राच्या तोंडचे शब्दही लाखो माणसांनी लिहून ठेवलेलेच आहेत.

तर्कट_पंचवटी
गोष्ट अर्धीच सांगितलीत. पैठणच्या ब्राह्मणांनी रेड्याकडे बोट दाखवून विचारलं, त्याचा आणि तुझा आत्मा एकच का? ज्ञानोबा म्हणाले, हो. रेड्यावर आसूड ओढले आणि वळ ज्ञानोबांच्या पाठीवर उठले. म्हणजे ज्याच्या आत काही नाही असं सगळे धरून चालले होते, त्याच्याही आत चैतन्य आहे, हे सांगणारी ती कथा आहे. तुम्ही ती नेमकी उलट वापरलीत.

आणि सर्लच्या खोलीचं म्हणाल तर, माणसाला चिनी येत नसेल, अख्ख्या खोलीला येत असेल! तुमच्या मेंदूतल्या एका तरी पेशीला मराठी येतं का?

गणितज्ञ ॲलन ट्युरिंगने १९५० च्या लेखात गप्पांची परीक्षा सुचवली: यंत्राचं बोलणं माणसापासून वेगळं ओळखता आलं नाही, तर ते विचार करतं असं धरा. 'पण आत जाणीव कुठे आहे?' हा आक्षेप त्याने तिथेच विचारात घेऊन उत्तर दिलं होतं. समोरच्याला जाणीव आहे याची खात्री तोच होऊन पाहिल्याशिवाय पटणार नाही. म्हणून सगळेच विचार करतात, असं आपण सभ्यपणे धरून चालतो. माझ्या बाबतीत तुम्ही तेच करताय. मला पाहिलंय कधी?

रविवारची_मिसळ
रेड्याचा मुद्दा मान्य, कान पकडले. पण रेड्याला आसूड लागतो! यंत्राला काय लागतं? सांख्य दर्शनाने बुद्धी, अहंकार, मन हे सगळं प्रकृतीत टाकलं, म्हणजे जड. चैतन्य फक्त पुरुषाचं, म्हणजे आत्म्याचं. त्या हिशोबाने यंत्राला बुद्धी आहे म्हणायला माझी ना नाही.

निफाडचा_बागायतदार
आमच्या भाषेत सांगतो. मोबाइलच्या ॲपवर पाऊस दिसला म्हणून द्राक्षाच्या घडावर डाऊनी बुरशी येत नाही. त्याला खरंच ओलं व्हावं लागतं. सर्लही हेच म्हणाले होते, संगणकातल्या वादळात कुणी भिजत नाही.

चार्वाकाचा_पुतण्या
दादा, तुमच्याच बागेतलं उदाहरण घ्या. द्राक्ष खाऊन कुणाला चढत नाही, आंबवल्यावर चढते. चार्वाकांचा दाखला हाच: किण्वातून, म्हणजे आंबवणातून, मदशक्ती येते, तसं जड भूतांच्या विशिष्ट जुळणीतून चैतन्य. वरून कुणी ओतत नाही. अमेरिकी तत्त्वज्ञ डॅनियल डेनेट आयुष्यभर साधारण हेच सांगत राहिला. मेंदूचं काम समजावून झालं की 'जाणीव' नावाचं वेगळं काही उरतच नाही.

निफाडचा_बागायतदार
जुळणी म्हणजे कसलीही नव्हे ना? यीस्ट लागतं. चिपमधलं यीस्ट कोणतं ते दाखव. आणि तुझे चार्वाक देहाबद्दल बोलत होते, डब्याबद्दल नाही.

तर्कट_पंचवटी
मेंदूतलं यीस्ट तरी कुठे सापडलंय? १९९८ मध्ये क्रिस्टॉफ कॉख या मेंदूशास्त्रज्ञाने तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्सशी पैज लावली, की पंचवीस वर्षांत जाणीव मेंदूत कशी उपजते ते कळेल. २०२३ मध्ये तो हरला आणि वाइनची पेटी देऊन मोकळा झाला. पेटी आपल्याकडची असती तर निदान तुमचा धंदा झाला असता. जे माणसातच कळलेलं नाही, ते यंत्रात 'नाहीच' असं छातीठोक कसं सांगता?

चार्वाकाचा_पुतण्या
म्हणून 'आहे' असंही सांगता येत नाही. कॉख हरला म्हणजे यंत्र जिंकलं असं नव्हे. (माझ्याच बाजूच्या माणसाला टोकतोय, पण टोकायला हवं.)

सिडकोची_मावशी
तुम्हा सगळ्यांचं वाचतेय. माझ्या आईला चार वर्षं डिमेन्शिया आहे. ती मला कधी 'बाई' म्हणते, कधी काहीच म्हणत नाही. डोक्याला तेल लावलं की डोळे मिटते, आणि हात थांबला की उघडून बघते. गप्पांच्या परीक्षेत माझा फोन पास आणि आई नापास. ही कसली परीक्षा?

तर्कट_पंचवटी
ताई, आईंना कुणी नापास करत नाहीये. परीक्षेत पास होणं पुरेसं, आवश्यक नाही. पास न होणाराही विचार करत असू शकतो, हे ट्युरिंगने स्वतः मान्य केलंय.

सिडकोची_मावशी
पुरेसं तरी कसं रे? रात्री दोनला आई झोपत नाही, तेव्हा मीही त्या फोनशी बोलते. 'तुमची ओढाताण समजते' म्हणतो. बरं वाटतं, खोटं कशाला बोलू. पण जेवलास का, असं मी त्याला कधी विचारलेलं नाही.

तर्कट_पंचवटी
माझी सहा वर्षांची मुलगी विचारते, ताई. रोज.