साडीच्या नाड्याचं जाऊ द्या, जखमेचा तुकडा कोण काढणार?

धसकट (धागाकर्ता, आर्वी तालुका)

गावच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर ती जुनी बातमी पुन्हा फिरली, ‘साडीमुळे कॅन्सर’. बातमी खोटी नाही. २०२४ च्या नोव्हेंबरात एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात वर्ध्याच्या आणि बिहारमधल्या मधुबनीच्या मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी दोन बायांची हकिगत छापली होती. एक ७० वर्षांची, नऊवारी नेसणारी. उजव्या कुशीवरची जखम दीड वर्ष भरली नव्हती. दुसरी पासष्टी ओलांडलेली, ४० वर्षं रोज लुगडं कमरेला आवळून बांधणारी. तिची जखम दोन वर्षांची, आणि आजार जांघेतल्या गाठीपर्यंत पोचलेला. दोघींना त्वचेचा स्क्वेमस सेल कॅन्सर, म्हणजे कातडीच्या वरच्या थरातल्या पेशींचा.

यावर ग्रुपवर दोन दिवस काय चाललं? नाडा सैल बांधा, गाऊन घाला, मग संस्कृती, मग शिव्या. ‘दीड वर्ष’ आणि ‘दोन वर्षं’ या शब्दांवर एकही माणूस थांबला नाही.

मी थांबलो, त्याला कारण आहे. माझ्या मोठ्या मायचा डावा पाय लग्नाआधी चुलीवरच्या आंघोळीच्या पाण्यानं भाजला होता. गुडघ्यामागची कातडी आखडलेली, चकचकीत. निंदणाला उकिडवी बसली की ताणायची. साठीत तिथं फोड आला, फुटला, भरेना. आधी हळद आणि खोबरेल, मग मेडिकलमधून ट्यूब, मग तालुक्याच्या एका दवाखान्यात दर आठवड्याला पट्टी. असे १४ महिने गेले. तेवढ्यात शुगर तीनदा तपासून झाली. पट्टी सोडायचं काम माझ्याकडे होतं. फडकं चिकटून यायचं, पाण्यानं भिजवून सोडवावं लागायचं, आणि खाली जखमेच्या कडा बाहेर उलटलेल्या, फुलकोबीच्या गड्ड्यासारख्या. हे मी रोज बघत होतो. मलाही काही सुचलं नाही, पट्टी बांधणाऱ्यालाही नाही. शेवटी नागपूरला कडेचा तुकडा तपासायला काढला (बायोप्सी), कॅन्सर निघाला, आणि महिन्याभरात पाय मांडीपासून गेला.

जुन्या भाजल्याच्या व्रणावर उठणाऱ्या या कॅन्सरला मार्जोलिन अल्सर म्हणतात. अशा जखमांचं वर्णन मार्जोलिन नावाच्या फ्रेंच डॉक्टरानं १८२८ साली लिहून ठेवलंय. व्रण पडल्यापासून कॅन्सर व्हायला साधारण ३० वर्षं लागतात, म्हणजे आपल्या हाताशी वेळ भरपूर असतो. लवकर सापडला तर आजूबाजूची थोडी चांगली कातडी धरून कापून काढतात आणि बहुतेकांचं तेवढ्यावर भागतं.

माझं म्हणणं एवढंच: रीतसर पट्टी करूनही सहा आठवड्यांत जखम भरली नाही, तर प्राथमिक आरोग्य केंद्रातून तुकडा तपासणीला गेलाच पाहिजे. तसा लेखी नियम हवा. बोला. फक्त साडीवर नको.

---

निंबोणी

साडीवरच बोलणार आहे, माफ करा.

पहिली गोष्ट, नऊवारीच्या आत परकर कधीपासून आला? ‘पेटीकोट कॅन्सर’ असं बारसं झालं आणि ती दुसरी बाई तर परकराशिवायच लुगडं नेसायची! असो.

दुसरी गोष्ट महत्त्वाची. ही बातमी माझ्या वहिनीनं आईला वाचून दाखवली. आई गप्प. रात्री तिनं वहिनीला खोलीत बोलावून कंबर दाखवली. बोटभर रुंद काळा पट्टा, नांगराच्या तासासारखा खोल, आणि गाठ यायची तिथं चार आण्याएवढा पांढरट डाग. वरून खपली. ‘कधीपासून आहे?’ तर म्हणे, ‘असंल दोन-तीन वर्षं. कोणाले दाखवू?’ आमच्या केंद्रावर पुरुष डॉक्टर, बाजूला कंपाउंडर, आणि दाराला नुसता पडदा.

धसकट, तुमच्या मोठ्या मायची जखम पायावर होती म्हणून तुम्ही पट्टी तरी सोडली. कमरेवरची जखम पोटच्या पोराला दिसत नाही. तुमचा सहा आठवड्यांचा नियम सुरू व्हायला बाईनं आधी लुगडं बाजूला करावं लागतं, आणि आमच्या घरात ते त्याच ‘सनसनाटी’ बातमीनं घडलं. म्हणून मी हेडलाइनच्या बाजूनं.

---

वर्धेकाठ

दोन बायांवरून सिद्धांत? महाराष्ट्रात कोट्यवधी बाया रोज नाडा बांधतात. दोन रुग्णांची नोंद ही फक्त नोंद असते. तुलनेला न आवळणाऱ्या बाया कुठं आहेत?

आणि मूळ मुद्दा. भारतात सगळ्या कॅन्सरमध्ये त्वचेच्या कॅन्सरचा वाटा जेमतेम एक टक्का धरतात. आमच्याकडं पानठेल्यावर सकाळी सातला खर्रा घोटणं सुरू होतं. सुपारी, तंबाखू, चुना, पन्नीत घालून वरवंट्यासारखा हात चालतो. बारावीची पोट्टी खिशात पन्नी घेऊन वर्गात बसतात. तोंड तीन बोटं उघडत नाही असे पंचविशीतले चार जण मी आत्ता नावानिशी सांगू शकतो. सरकारी पैसा आणि आशाताईचा वेळ मोजका आहे. तो तोंडावर घालवा, कमरेवर नाही.

---

धसकट

@वर्धेकाठ: नोंदीचं मान्य, पण ती दोनवर सुरू झालेली नाही. मुंबईत डॉ. वसंत खानोलकरांनी १९४५ सालीच धोतराच्या गाठीखाली होणाऱ्या कॅन्सरबद्दल लिहिलंय. काश्मिरात पोटाशी कांगडी (निखाऱ्यांची शेगडी) धरून भाजलेल्या कातडीवर होतो, तो याच जातीचा. घासणं किंवा भाजणं, कातडी वर्षानुवर्षं दुरुस्त होत राहणं, आणि एक दिवस ती दुरुस्ती हाताबाहेर जाणं. यात संस्कृती कुठं आली?

खर्ऱ्याचं शंभर टक्के खरं. पण तोंड बघणाऱ्या माणसाला ‘अंगावर न भरणारी जखम आहे का?’ एवढं विचारायला किती वेळ लागतो?

---

डॉ. ओपीडी

मी अशाच एका केंद्रावर आहे, त्यामुळं जरा कडू लिहितो.

‘नियम करा’ म्हणणाऱ्यांनी एकदा माझ्या खुर्चीत बसावं. पायावर सहा आठवडे न भरलेल्या दहा जखमा आल्या तर त्यात शुगर, फुगलेल्या शिरा, बंद पडत चाललेल्या धमन्या हेच बहुतेक निघतं. कॅन्सर क्वचित. सगळ्यांना ‘तुकडा काढायला वर्ध्याला जा’ म्हटलं तर दोन जण जातील. उरलेले आठ पुढच्या वेळी माझ्याकडंही न येता गावातल्या पट्टीवाल्याकडं जातील. रोजी बुडते, एसटीचा फेरा, आणि रिपोर्टसाठी पुन्हा फेरा.

तुकडा काढणं अवघड नाही. बधिरीकरणाचं इंजेक्शन, चार मिलिमीटरचं पंच, फॉर्मॅलिनची बाटली. पण तो कुठून काढायचा हे कळावं लागतं. मधोमध नुसतं सडकं मांस असतं, तिथला तुकडा ‘कॅन्सर नाही’ म्हणून परत येतो आणि रुग्ण निवांत घरी बसतो. कडेचे दोन-तीन तुकडे लागतात. बरं, काढला, स्लाइड वाचणारा पॅथॉलॉजिस्ट माझ्याकडं नाही. बाटली जिल्ह्याला जाणार, रिपोर्टची वाट मी बघणार, शिव्याही मीच खाणार.

माझ्या मते मुदत तीन महिने धरावी. त्याआधी फक्त चार गोष्टी दिसल्या तर: जखम जुन्या व्रणावर आहे, कडा उलटल्यात, हात लावला की रक्त येतं, किंवा वास अचानक बदललाय. धसकट, तुमच्या मोठ्या मायच्या जखमेत यातल्या दोन तुम्हीच लिहिल्यात. त्या पट्टीवाल्याची चूक मी झाकत नाही. पण एका चुकीवरून सगळ्यांना एकच फूटपट्टी लावू नका.

---

मोहफूल (गडचिरोली जिल्हा)

डॉक्टरांशी सहमत, आणि आमच्या भागाचं सांगतो. इकडं सिकलसेल, म्हणजे रक्ताचा आनुवंशिक आजार, घराघरात. त्यातल्या काहींच्या घोट्यापाशी जखम होते ती महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं राहते. सहा आठवड्यांचा नियम लावला तर अशा प्रत्येक घोट्याचा तुकडा काढाल, आणि तिथली कातडी आधीच भरत नाही. वर आणखी एक भोक कशाला?

उलट बाजूही आहे. कुष्ठरोग बरा झालेल्या पण तळव्याची जाणीव गेलेल्या माणसांची जखम २०-२० वर्षं चालते. तिच्यात कॅन्सर होतो हे डॉक्टर मंडळींना जुनं ठाऊक आहे. दुखत नाही, म्हणून रुग्ण सांगत नाही. वरोऱ्याजवळ आनंदवन, वर्ध्याला दत्तपूर, म्हणजे कुष्ठाशी आपली ओळख आजची नाही.

आणि आशाताईच्या वेळेचं म्हणाल, तर कुष्ठरुग्ण शोधमोहिमेत एक बाई आणि एक पुरुष घरोघर जाऊन चट्टे बघतातच. बायांना बाई तपासते. निंबोणीताईंचा पडद्याचा प्रश्न तिथं निम्मा सुटलेला आहे. त्याच कागदावर जखमेचा एक रकाना वाढवा.

---

कोडवाला (मूळ अकोट, सध्या पुणे)

२०२६ मध्ये बाटल्या आणि एसटीवर चर्चा? आशाताईकडं मोबाइल आहे. फोटो काढा, एआय सांगेल. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या लोकांनी सुमारे १,२९,००० फोटोंवर कॉम्प्युटर शिकवला आणि तो २१ त्वचारोगतज्ज्ञांच्या बरोबरीनं उतरला.

---

निंबोणी

त्वचेच्या धाग्यावर ‘कोडवाला’ नाव घेऊन येणं, मानलं तुम्हाला :)

आईच्या कमरेचा फोटो काढून कुठं पाठवायचा म्हणता? तो कोण कोण बघणार?

---

डॉ. ओपीडी

@कोडवाला: बरोबरीनं उतरला तो ठरावीक कसोटीत, आणि फोटो बहुतांशी गोऱ्या कातडीचे. २०२२ मध्ये ‘लॅन्सेट’च्या डिजिटल आरोग्यावरच्या वैद्यकीय नियतकालिकात काही संशोधकांनी लोकांना खुले असलेले २१ फोटोसंग्रह तपासले. एक लाखावर फोटो. त्यातल्या फक्त २,४३६ फोटोंपुढं कातडीचा रंग नोंदवलेला. त्यात सावळे किती? दहा. गडद सावळा किंवा काळा? एक. त्या एकावर माझ्या ओपीडीतल्या लोकांचा जीव टांगू?

शिवाय त्या यंत्रांना मुख्यतः तीळ आणि डाग ओळखायला शिकवलंय. चुना, हळद आणि बिब्बा लावून बसलेली जखम त्यांनी बघितली असेल असं वाटत नाही. बिब्ब्यानं उठलेला फोड तर भल्याभल्यांना फसवतो.

---

कोडवाला

मग आपले फोटो गोळा करा ना! कोणी तरी सुरुवात केल्याशिवाय यंत्र शिकणार कसं? आणि मी निदान म्हणतच नाही. कोणाला आधी पाठवायचं ते ठरवायला तर उपयोग होईल? तुमच्या त्या चार खुणाही फोटोत दिसतात. वास सोडून.

(नावावरून हसलात, मान्य. कॉलेजात पडलं, निघत नाही.)

---

बुढा बैल

राजेहो, तुमी सारे शिकले-सवरले बोलून राह्यले, पन गावात लोक काय म्हनतात ते कोनीच नाही लिवलं. तुकडा काढला का कॅन्सर फैलते, असं म्हनतात. आमच्या साळभावाच्या तळव्याले काळा डाग होता. पऱ्हाटीचं धसकट रुतलं अन् कुरूप झालं, असं समजून दोन वर्सं ब्लेडनं तासला. मंग तुकडा काढला, अन् सा महिन्यात मानूस गेला. आता त्याच्या बायकोले तुमी सांगा का तुकड्यानं नाही गेला म्हनून. मी तर सांगू नाही शकलो.

---

डॉ. ओपीडी

काका, वाईट वाटलं. ऐकून तो मेलानोमा, म्हणजे कातडीच्या रंगपेशींचा कॅन्सर, असावा असं वाटतं. आपल्या सावळ्या लोकांत तो तळव्यावर किंवा नखाखाली जास्त निघतो, उन्हाशी त्याचा संबंध नसतो. गायक बॉब मार्ले १९८१ मध्ये ३६ व्या वर्षी गेला, तो पायाच्या अंगठ्याच्या नखाखालच्या अशाच मेलानोमानं. त्याच्याही अंगठ्याचं खापर आधी फुटबॉलच्या दुखापतीवर फुटलं होतं.

हा आजार किती खोल गेलाय ते मिलिमीटरमध्ये मोजतात. १९७० पासून हीच मोजपट्टी आहे. एक मिलिमीटरच्या आत सापडला तर बहुतेक माणसं जगतात. तुमच्या साळभावाची दोन वर्षं तासण्यात गेली, तुकडा त्यानंतरचा. तुकड्यानं आजार पसरत नाही. पण त्या बाईला आधी तुकडा दिसला आणि मग मरण दिसलं. ती तेच जोडणार, तिला दोष देता येत नाही.

---

वर्धेकाठ

मेलानोमाला तर आता औषधं आली आहेत ना? २०१८ चं नोबेल त्यालाच होतं.

---

डॉ. ओपीडी

प्रतिकारशक्तीचा ब्रेक काढणाऱ्या शोधाला होतं, अ‍ॅलिसन आणि होन्जो यांना. फरक खरोखर मोठा आहे. पसरलेल्या मेलानोमात पूर्वी वर्ष काढणं कठीण होतं. दोन औषधं एकत्र दिलेल्या गटातले ४३ टक्के रुग्ण दहा वर्षांनी हयात होते, असं २०२४ मध्ये छापून आलं. मोहफूल म्हणतात त्या तळव्याच्या जखमेतला कॅन्सर मात्र वेगळ्या जातीचा, आणि तळव्यावरच्या मेलानोमालाही ही औषधं तितकी लागू पडत नाहीत. शिवाय किंमत ऐकून वावर विकावं लागेल. आपल्याकडच्या जखमेला लागते सुरी, वेळेवर. महात्मा फुले योजनेत कॅन्सरची शस्त्रक्रिया बसते. तिथं पैसा अडत नाही, चौदा महिने अडतात.

---

धसकट

सिकलसेलचं मोहफूलनं लिहिलं ते माझ्या डोक्यात आलं नव्हतं. घोट्याची जखम नियमातून वगळा. पण तीन महिने मला पटत नाहीत. डॉक्टर, तुम्ही तीन म्हणाल तेव्हा गावात सहा होतात. सहा आठवडे म्हटले तर निदान तीन महिन्यांत माणूस निघेल. आमच्याकडं लग्नपत्रिकेवर साडेअकराचा मुहूर्त छापतात तो उगीच नाही.

---

डॉ. ओपीडी

मुहूर्ताचा मुद्दा चांगला आहे, पण मी तीनवरच आहे. चार खुणा दिसल्या तर त्याच दिवशी.

---

निंबोणी

तुमचं चालू द्या. बुधवारी आईला सेवाग्रामला नेतेय. डाग आहे म्हणजे तेच असेल का?

---

डॉ. ओपीडी

नुसता पांढरा डाग असता तर घासल्याचाच म्हणालो असतो, आणि बहुतेक वेळा तसंच असतं. वरून दोन-तीन वर्षांची खपली आहे म्हणून दाखवाच. त्या नऊवारीवाल्या बाईचीही सुरुवात डागानंच झाली होती. खपली घरी काढू नका, त्या दिवशी काही लावूनही नेऊ नका, हळदसुद्धा नाही. पर्ची लवकर काढा. आत महिला डॉक्टर हव्या असं पर्ची काढतानाच सांगा.

---

निंबोणी

सांगते. आई आत्ताच विचारतेय, लुगडं कोणतं नेसू.