सोलापुरात राहून वेबिनार होस्टिंगचा धंदा करायचाय, पैसे नक्की कशात आहेत?

जुळे_सोलापूरकर:
नमस्कार मंडळी. मी काही वर्षं क्लासवाल्यांच्या ऑनलाइन बॅचेसचं सगळं टेक्निकल बघायलोय, लिंक पाठवणं, रेकॉर्डिंग, सरांचा माइक चालू करून देणं वगैरे. आता स्वतःचं चालू करावं म्हणतोय, डॉक्टर, सीए, कॉलेज, शेतीच्या कंपन्या यांचे वेबिनार आपण चालवून द्यायचे. पण ज्याला विचारावं तो म्हणतो गुगल मीट फुकट असताना तुला पैसे कोण देणार. झूमचं पेड लायसन्स आधी घेऊ की काम मिळाल्यावर? रेट कसा लावायचा? जीएसटीचं काय? आईवडील इथंच आहेत, त्यामुळं पुण्याला जा असं सांगू नका.

सातरस्ता_लाइव्ह:
मीट फुकट आहे पण ग्रुप कॉलला ६० मिनिटं आणि १०० माणसं, झूमच्या फुकट खात्यात तर ४० मिनिटांतच संपतं. पण गिऱ्हाईक पैसे देतं ते त्याच्या डोक्याचा ताप आपण घेतो म्हणून. डॉक्टरांच्या संघटनेचंच बघ, सेक्रेटरी स्वतः ओपीडीत अडकलेला, बोलणारे सर परगावी, ऑपरेशनचा व्हिडिओ लावला आणि आवाजच जात नाही कारण स्क्रीन शेअर करताना साउंडची टिक राहिली. मग तीन-चारशे जण चॅटमध्ये 'आवाज येत नाही' लिहायलेत. त्याच्या आदल्या दिवशी तू सरांबरोबर अर्धा तास प्रॅक्टिस घेतली असेल तर हे होतच नाही, आणि त्या अर्ध्या तासाचे पैसे लोक खुशीनं देतात.

दुसरं म्हणजे हजेरी. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडच्या डॉक्टरांच्या नोंदणीच्या नूतनीकरणाला पाच वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट लागतात, ते अशा कार्यक्रमांना हजर राहून मिळतात, त्यामुळं आपलं नाव यादीत आलं का हे डॉक्टर लोक बारकाईनं बघतात. पॉइंटची मान्यता संघटनेनं आधीच काढायची असते, ते काम तुझं नाही, पण यादी तुझ्याकडनंच मागणार. आणि नुसती लिंक ग्रुपवर टाकली की यादीत काय येतं? रेडमी, गॅलेक्सी, आयफोन, पुन्हा रेडमी! म्हणून रजिस्ट्रेशन लावायचंच, ते झूमच्या पेड खात्यात मिळतं, प्रत्येकाला स्वतःची लिंक जाते आणि नाव आधीच भरलेलं असतं. सर्टिफिकेटला तीच यादी वापर.

लायसन्स महिन्याचं घे, ते पण ॲडव्हान्स हातात आल्यावर. रेट माणशी लावू नको, कार्यक्रमाचा लाव. समजा ८ हजार घेतले, त्यातनं लायसन्सचा वाटा आणि मदतनीस पोराचे गेले तरी हातात राहतात, पण एकेका कार्यक्रमावर घर चालत नाही, दर महिन्याला घेणारी चार-पाच गिऱ्हाईकं धर. वर्षाला २० लाखांच्या आत उलाढाल असेल तर सेवेला जीएसटी नोंदणी सक्तीची नाही, मोठ्या कंपन्या मात्र जीएसटीचं बिल मागतात आणि तेव्हा १८ टक्के लावावा लागतो, ते सीएंना विचारूनच ठरव. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची नोंदणी, सरकारी साइटवर फुकट होते, एजंटला पैसे देऊ नको.

अक्कलकोट_रोड:
वरच्यांचं सगळं बरोबर, फक्त नेट आणि लाइट यावर कुणी बोललं नाही. दोन वेगळ्या कंपन्यांचं नेट पाहिजे, वायफाय नको, लॅपटॉपला केबल लाव. लोक इन्व्हर्टर घेतात, त्यावर कॉम्प्युटर ठेवतात आणि फायबरचा डबा तसाच भिंतीच्या प्लगला राहतो, म्हणजे लाइट गेली की लॅपटॉप चालू आणि नेट बंद. आपल्याकडं मे महिन्यात वळवाचं वारं सुटलं की संध्याकाळी हे होणारच. को-होस्ट, म्हणजे तुझ्याबरोबर कार्यक्रम चालवणारा दुसरा माणूस, दुसऱ्या घरात, शक्यतो दुसऱ्या पेठेत बसव, तुझं नेट गेलं तरी तो पुढं चालवतो. आणि जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत इथल्या लोकांचा कार्यक्रम ठेवू नको, कुणी बसत नाही.

सांगोला_डाळिंब:
मी शेतकरी, असे कार्यक्रम ऐकणारा. आमच्यासाठी झूम नको, ॲप टाका, नाव भरा, निम्मे तिथंच गळतात. यूट्यूब लाइव्हची लिंक व्हॉट्सॲपवर आली की बोट लावलं आणि चालू. फक्त त्यात आवाज थोडा मागून येतो, म्हणून प्रश्न आदल्या दिवशीच व्हॉइस मेसेजवर मागवा, तेल्या रोग पडलेल्या डाळिंबाचे फोटो पण येतील. नवीन चॅनल असेल तर लाइव्ह आधी चालू करून ठेवा, पहिल्यांदा २४ तास लागू शकतात. विषय बहाराप्रमाणं घ्या, मृग बहार धरायच्या वेळी हस्त बहाराचं कोण ऐकणार? पैसे शेतकरी देणार नाही, ठिबकवाली नाहीतर खतवाली कंपनी देईल. पण कंपनीच्या माणसाला सुरुवातीला बोलू देऊ नका, जाहिरात वाटली की लोक लगेच बाहेर पडतात, आणि एकदा गेलेला पुढच्या वेळी लिंक उघडतच नाही.

अशोक_चौक:
सोलापुरात राहण्याचा फायदाच आहे की भाऊ. इथं एका गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड तिन्ही बोलणारी पोरं मिळतात. ज्या कंपनीचे डीलर महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगणात आहेत तिला ट्रेनिंगच्या वेळी प्रश्न घेणारा असा माणूस पाहिजे असतो आणि पुण्यात तो शोधावा लागतो. माझ्या मते तू डॉक्टर-बिक्टर नंतर बघ, आधी इथल्या टॉवेल आणि युनिफॉर्मवाल्यांकडं जा, त्यांची गिऱ्हाईकं राज्याबाहेर पण आहेत, नवीन माल कॅमेऱ्यावर दाखवायला त्यांना आवडेल.

जुळे_सोलापूरकर:
सगळ्यांचे मनापासून आभार. युनिफॉर्मवाल्यांचं डोक्यातच आलं नव्हतं, ओळखीचे एक काका आहेत, उद्याच बोलतो. एकच राहिलं, सर ऐनवेळी आलेच नाहीत तर पैशाचं काय करायचं?

सातरस्ता_लाइव्ह:
निम्मे आधी घ्यायचे आणि व्हॉट्सॲपवर का होईना लिहून घ्यायचं. वक्ता आला नाही तर एकदा तारीख फुकट बदलून द्यायची, रद्दच केलं तर ॲडव्हान्स परत नाही. आणि आपल्याच बाजूनं नेट बंद पडून कार्यक्रम बुडाला तर सगळे पैसे परत, हे तू स्वतःहून लिहून दे. काकांना बोलताना आधी हेच सांग.